सहाव्या माणसाची पावलं

बूटकाकांचं खरं नाव स्टुडिओत हजेरीपुस्तकापुरतंच उरलं होतं. पडद्यावर चालायचं दुसऱ्यांनी आणि आवाज यायचा यांच्या पायांचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. चित्रीकरणाच्या जागी मिळालेला पावलांचा आवाज बहुतेक वेळा कामाचा नसतो, म्हणून तो नंतर बंद खोलीत नव्यानं करावा लागतो. काकांच्या खोलीत जमिनीतच चौकोनी खड्डे होते. एकात वाळू, एकात खडी, एकात सुकी माती, एकावर फळ्या. नजर पडद्यावर ठेवून काका त्यात जागच्या जागी चालायचे आणि गुडघ्याच्या उंचीवर माइक लावलेला असायचा. राजे, चोर, नवऱ्या मुली, सगळे त्यांच्याच पायांनी चालून गेले होते. लहानपणी थोरल्या भावाच्या मागोमाग भिंतीवरून उडी मारताना त्यांचा उजवा गुडघा जो दुखावला, तो कायमचाच. पण तो गुडघा इतक्या वर्षांत एकाही सिनेमात कोणाला ऐकू आला नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता.

ज्याच्या मागे उडी मारली तो थोरला भाऊ, दादा, पुढे सैन्यात गेला आणि वीस वर्षांनी परत आला. परत आला तो गप्पच. घरातली लाडकी खुर्ची, सकाळचं वर्तमानपत्र आणि वहिनीची बोलणी, एवढ्यात त्याचा दिवस जायचा. धाकट्यानं काम केलेला एकही सिनेमा त्यानं पाहिला नव्हता. एकदाच म्हणाला होता, की तू करतोस ते चांगलंच असेल, पण खोट्याला माझ्या हातून टाळी वाजणार नाही. त्यात राग नव्हता, आणि तेच काकांना जास्त लागलं होतं. साठी जवळ आली तरी माणसाला थोरल्या भावाची शाबासकी हवी असते. लाज वाटते, पण हवी असते.

त्यामुळे युद्धाचा मोठा सिनेमा स्टुडिओत आला तेव्हा काकांना हुरूप चढला. एक नव्हे, दोन नव्हे, पाच मोठे नट. त्यांनी दादाला सहज सांगावं तसं सांगितलं, तर दादानं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाला, "लागला की सांग. येईन."

आता आली का पंचाईत. काकांनी मनाशी ठरवलं, की या वेळी पाऊल न् पाऊल खरं हवं. एक जुनी पाठपिशवी आणून तिच्यात वीस किलो वाळू भरली, ती पाठीवर घेतली आणि खडीत उतरले. सिनेमातली मोठी चढण होती, पाच नट डोंगर चढताहेत. काका घामाघूम झाले. गुडघा बोंबलत होता. रेकॉर्डिंग करणारी मुलगी काचेपलीकडून काळजीनं बघत होती, पण आवाज ऐकून तिनं अंगठा वर केला. खडीत पाऊल रुतत होतं, पट्टे करकरत होते, श्वास जड झाला होता.

दिग्दर्शकानं तो तुकडा चित्रासकट पाहिला आणि पुन्हा एकदा लावायला सांगितला. पडद्यावर नट हसत, केस उडवत चालले होते आणि खालून मात्र हमाली चालल्याचा आवाज येत होता. मुलीनं तोंडावर हात धरला. काकांना मात्र हसू आलं नाही. तीस वर्षांत न केलेली चूक त्यांनी केली होती. पडद्याकडे न बघता ते मनातल्या दादाकडे बघून चालले होते.

दिग्दर्शक माणूस वाईट नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "काका, पडद्यावरचा माणूस थकलेला नाही. मग त्याचे पायच कसे थकले?"

नटांच्या पाठपिशव्यांत फोम भरला होता, हे लहान पोरालाही कळलं असतं. काकांनी वाळू काढली आणि पाचही जणांची पावलं हलक्या पायानं पुन्हा केली. चोख झाली. घरी जाताना मात्र त्यांना वाटलं, दादाला या सिनेमाचं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

पण त्या पाच जणांच्या मागे आणखी एक होता. बिननावाचा, गर्दीतला शिपाई. काकांचं ते दृश्य सतरा वेळा बघून झालं होतं आणि दर वेळी त्यांची नजर त्याच्यावरच जायची. मान पुढे काढलेली, दोन्ही अंगठे पट्ट्यांखाली. मुलीनं चित्रीकरणातल्या कोणाकडून तरी ऐकलेली गंमत सांगितली, की एक फेरी वाचावी म्हणून कॅमेऱ्याच्या सगळ्या बॅटऱ्या त्याच्याच पाठपिशवीत कोंबल्या होत्या. बिचाऱ्यानं दिवसभर वाहिल्या. त्याची पावलं काकांकडे कोणी मागितली नव्हती. तरी त्यांनी पुन्हा वाळू भरली आणि त्याच्यासाठी एकदाच चालले. दिग्दर्शकानं ऐकलं, चित्राशी जुळलं म्हणून मान हलवली आणि ती पावलं सिनेमात तशीच राहिली.

सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला दादा, वहिनी आणि काका असे तिघं ओळीनं बसले. थिएटर भरलेलं होतं आणि पहिला नट दिसला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. मग दुसरा दिसला, त्याचीही तशीच एन्ट्री. पाच जण येऊन होईपर्यंत पाऊण तास गेला आणि शत्रू बापडा डोंगरापलीकडे वाट बघत बसला. एकानं भाषण केलं की दुसऱ्यालाही करायलाच हवं. एकाला गोळी लागली तीही दंडाला, म्हणजे चेहऱ्याला धक्का नको. मध्यंतरानंतर वहिनी कुजबुजली, की यातलं कोणी मरणार आहे का? काका म्हणाले, नाही, सगळ्यांच्या शूटिंगच्या तारखा शेवटपर्यंत घेतल्यात. पुढच्या रांगेत मोबाइल उजळायला लागले. शिट्ट्या केव्हाच थांबल्या होत्या. लोकांना राग आला नव्हता, नुसता कंटाळा आला होता, आणि काकांना तो स्वतःच्या अंगावर आल्यासारखा वाटत होता. दादा मांडीवर हात ठेवून निमूट बसला होता. त्याच्याकडे बघायचा काकांना धीर होईना.

चढणीचं दृश्य आलं. पाच जण टापटीप वर गेले आणि पडद्याच्या कडेवरून तो सहावा गेला. सगळी मिळून दहा-बारा पावलं. काकांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर पडल्यावर लोक जिन्यावर बोलत होते, की एवढे मोठे मोठे घेतले आणि काय उपयोग. वहिनी चहा घ्यायला गेली. समोरच्या हॉटेलच्या बाकावर दोघे भाऊ बसले. सिनेमा बरा नव्हता ना, असं काकांनीच विचारलं. जे ऐकायचं ते एकदाचं ऐकून टाकावं.

दादा रस्त्याकडे बघत बोलायला लागला. त्यानं सांगितलं, की ते पाच जण फिरायला निघाले होते. एकालाही दुसऱ्याची गरज नव्हती. ओझं असलं की माणूस पुढच्याच्या टाचा बघत चालतो, आपण कसे दिसतो ते त्याच्या ध्यानातही नसतं. वीस वर्षांबद्दल इतकं तो घरात कधी बोलला नव्हता.

"पण मागचा एक जण," दादा म्हणाला, "त्याच्या पाठीवर होतं काहीतरी. तेवढं खरं होतं. माझ्या अंगावर काटा आला."

आपणच ती पावलं केली हे सांगायला काकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दादानं त्यांच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्या चढणीवर उजवा पाय जपून टाकत होतास, छोट्या. फार दुखतो का अजून?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली. मग हो म्हणाले. वहिनी चहा घेऊन आली, तरी दादाचा हात तिथंच होता.