तिसऱ्यांदा वळवलेला पाइप

जया दुपारी झोळीत झोपली की मला तासभर मिळतो. नेमका त्याच तासात प्रविण अंगणातून हाक मारतो आणि माझ्या हातात जाड तारेचं टोक देतो.

"धर घट्ट. हलवू नको."

जीपचं बॉनेट उघडं असतं. तारेचं दुसरं टोक तो पुढच्या जाळीकडे नेतो, बॅटरीच्या मागून, रेडिएटरच्या वरून, जसा पाइप जायला हवा तशी तार वाकवत. मग ती वाकडी तार तलासरीला बाबल्याच्या गॅरेजात जाते आणि बाबल्या तिच्या मापानं पाइप वाकवून देतो.

इंजिनातलं मला फार कळत नाही. जे कळतं ते प्रविणनंच शिकवलं, लग्न नवं नवं असताना. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, म्हणून ती पाइपातून पुढे इंटरकूलरच्या जाळीत जाते, तिथं निवते आणि मग इंजिनात शिरते. पाइप फुटला की हवा बाहेर. काळा धूर निघतो, गाडी चढ ओढत नाही.

तीन वर्षांत हा पाइप त्यानं दोनदा वळवला. ही तिसरी खेप. पाइप पक्का होईपर्यंत जयाला जीपमध्ये बसवायचं नाही, असं त्याचं म्हणणं. पोर नऊ महिन्यांची झाली. प्रत्येक लशीला मी तिला लाहूच्या गाडीतून नेलं; तोही प्रविणसारखाच भाड्यानं जीप चालवतो. पुढे बापाची गाडी माणसं भरून चाललेली, मागे आम्ही दुसऱ्याच्या गाडीत. लोक हसायचे. "काय गं निलम, नवरा भाडं मागतो काय?" मीही हसायचे. तो तिला उचलूनसुद्धा घ्यायचा नाही. हात काळे आहेत, म्हणायचा. आंघोळ करून आला तरी काळेच असायचे.

मागच्या आठवड्यात बाबल्या बाजारात भेटला.

"वहिनी, समजव त्याला. हे इंजिन हाय, तारपा नाय वाजवायचा. किती वळणं देणार, किती फुंकणार?"

मी हसले. तो नाही हसला.

"पहिल्याच खेपेला काम झालेलं. तो पाइप गाडी भंगारात गेली तरी फुटला नसता. मी सांगतो तर ऐकत नाय. घासल्याचा आवाज येतो म्हणतो. मी कान लावला, आवाजबिवाज काय नाय."

हे ऐकल्यावर मला कळलं की हा पाइप कधीच पक्का होणार नाही. प्रविणला थांबवायचं तर मलाच बोलावं लागणार होतं, आणि बोलायचं ते मी तीन वर्षं गिळून बसले होते.

दोन हजार सोळाचा मे महिना. मला नववा लागला होता. सोमवारी संध्याकाळी भाकऱ्या थापताना लक्षात आलं, पोटातलं पोर दिवसभर हललं नाही. रात्री कूस बदलून पाहिलं, गूळ खाऊन पाहिलं. पहाटे सासूला सांगितलं. नवशी आय म्हणजे साधी बाई नाही, अर्ध्या पाड्याची पोरं तिच्या हातावर आली. तिनं पोट चाचपलं.

"खाली उतरलंय. उतरलं की पोर गप होतं. यायची तयारी करतंय."

मंगळवारी प्रविण वऱ्हाड घेऊन तलासरीला निघाला. निघताना त्यानं विचारलं, "बरी आहेस ना? नाहीतर लाहूला पाठवतो." मी म्हटलं, "बरी आहे. जा तू." त्याच दिवशी बाबल्यानं त्याला दाखवलं होतं, हवेचा पाइप बॅटरीच्या पत्र्याला घासतोय, बदलून घे. वऱ्हाडाला उशीर होईल म्हणून यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि निघाला.

बुधवारी दुपारी मला कळा सुरू झाल्या. प्रविण मला जीपमध्ये घालून डहाणूच्या दवाखान्याला निघाला. वाटेवर चढाला फट्‌ असा आवाज झाला. मागे काळा धूर. प्रविणनं तार बांधली, पाइप पुन्हा सुटला. परत बांधली. माणूस चालेल त्या चालीनं आम्ही चढ चढलो. तो स्टेअरिंगवर मूठ आपटत होता आणि मी त्याच्याकडे पाहत होते.

दवाखान्यात तो गाडी बाजूला लावायला गेला. आत नर्सनं पोटाला यंत्र लावलं, सरकवलं, पुन्हा सरकवलं. विचारलं, "कधीपासून हालचाल नाही?" मी सांगितलं, सोमवारपासून. डॉक्टरीण बाई हळूच म्हणाल्या, "दोन दिवस झाले असतील जाऊन." प्रविण आला तेव्हा त्याला एवढंच कळलं की मूल गेलं. मुलगा होता.

मी खाटेवर असतानाच त्याला पुरलं. खड्ड्यापाशी प्रविणनं माझ्या बापापुढे हात जोडले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, माझ्या हयगयीनं गेलं. मी घरी आले तेव्हा ही गोष्ट सगळ्या पाड्याला ठाऊक झाली होती. उद्या सांगू म्हटलं. तो उद्या मी तीन वर्षं ढकलला.

तर परवा दुपारी, तारेचं टोक हातात असतानाच मी बोलले.

"प्रविण, पाइपामुळं नाही गेलं ते."

"काय?"

"बाळ. सोमवारीच हलायचं थांबलं होतं. गाडीत बसले तेव्हाच ते नव्हतं. दवाखान्यात बाई म्हणाल्या."

त्यानं तार सोडली नाही.

"निघताना मी विचारलं होतं तुला."

"हो."

"तू म्हणालीस, जा."

"हो."

"आयला सांगितलेलंस?"

"सांगितलं. ती म्हणाली, उतरलं की पोर गप होतं."

त्यानं दाराकडे पाहिलं. आय उंबऱ्यात बसून सुकट निवडत होती, मांजराला शिव्या घालत.

"दवाखान्यातलं तिला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"तुझ्या बापापुढे हात जोडले मी," तो म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. चढवला नाही. तार खाली ठेवली, बॉनेट लावलं आणि पायीच निघून गेला. सांजेला आला, जेवला. मी वाढलं ते खाल्लं, मागितलं काही नाही.

आज सकाळी मी हंडा भरत होते तेव्हा विहिरीवर आला.

"आयला सांगू नको. अजून तिला बायका बाळंतपणाला बोलवायला येतात, हे कळलं तर ती पुन्हा उभी राहायची नाही. तुलाही कोणी सोडणार नाही. पाइपचंच नाव राहू दे."

"आणि तू?"

"मला सवय आहे," म्हणाला आणि हंडा माझ्या डोक्यावर चढवून दिला.

आज जयाच्या लशीचा दिवस. मी लाहूची वाट बघत रस्त्यावर उभी होते. प्रविणची जीप समोर थांबली. आतून हात लांबवून त्यानं पुढचं दार उघडलं. मी जयाला घेऊन बसले.

मागच्या बाकावरून बायजी पुढे वाकली. आमच्या शेजारच्या पाड्यातली म्हातारी, जीभ कातरीसारखी.

"बसवलीस रे एकदाची पोरीला? झाला वाटतं पाइप."

"झाला."

"तेव्हा एवढं लक्ष दिलं असतंस तर थोरला आज अंगणवाडीत गेला असता. निलम बिचारी बोलत नाय म्हणून. दुसरी असती तर काडीमोड घेतला असता."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"बायजी, दार नीट लाव," प्रविण म्हणाला आणि गिअर बदलला. चढ सुरू झाला होता.

मी तोंड मिटलं. गाडी न थांबता वर चढत गेली. जयानं हात लांबवून त्याची बाही मुठीत धरली. ती त्यानं सोडवली नाही, एका हातानंच गाडी वळवत राहिला. माझ्याकडे मात्र डहाणू येईपर्यंत त्यानं एकदाही पाहिलं नाही.