कोहळ्यावरचे पाहुणे

एकसष्ट सालची गोष्ट. अकोल्याच्या शेतकी कॉलेजातल्या चारुशीलाबाईंनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, किडे जिवंत पाठवा. आता जिवंत म्हटल्यावर पार्बताबाई त्यांना उपाशी कशा धाडणार? शेंदूरजनाघाटाहून त्या स्वतःच आल्या, मांडीवर लाल कोहळं, म्हणजे भोपळा, घेऊन, आणि कोहळ्यावर त्यांच्या संत्र्याच्या झाडांचा रस शोषणारे पांढरे पिठ्या ढेकूण बसवलेले.

"वाटेत खाले पायजे ना काही त्याईले," त्या म्हणाल्या.

चारुशीलाबाईंना हसू आलं, पण काम हसण्याचं नव्हतं. ढेकूण परका निघाला तर पार्बताबाईंची चाळीस झाडं जाळा, असा अमरावतीचे शेतकी अधिकारी कमलाकांत साहेबांचा हुकूम होता. रॉकेलचे डबे बागेत पोचलेसुद्धा होते. दिसायला देशी आणि परका अगदी सख्खे भाऊ. फरक काय तो गुणसूत्रांचा. देशीची दहा, परक्याची आठ.

किडा चिरायचा, रंगाच्या थेंबात काचेवर दाबायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फुटेस्तोवर मोजायचं. सहा काचांवर दहा भरली. सातवीवर मेली आठ.

"परका. संपलं," शेजारी उभे असलेले साहेब म्हणाले.

पार्बताबाई भिंतीशी जाऊन बसल्या. चारुशीलाबाईंना साहेबांचा असा राग आला म्हणता. एकाच बागेतले किडे, मग दहा आणि आठ कसे? त्यांनी वही पाहिली. सातवा किडा कोहळ्याच्या देठातून उचललेला होता. देठातले आणखी चार पाहिले, सगळे आठाचे. बुडाकडचे वीसच्या वीस दहाचे.

"देठापाशी तुम्ही बसवले होते का हो?"

"नाई वो बाई. देठाले हातच नाई लावला."

"कोहळं तुमच्या मळ्यातलं?"

"नाई. झाडं वाचवा, असं सांगाले सायबाच्या बंगल्यावर टोपलीभर संत्री नेली होती. टोपली रिकामी कशी धाडू म्हनून बाईसायबानं हे टाकलं. त्याईच्याच वेलाचं हाय."

आता बोला. साहेबांनी मुंबईच्या प्रदर्शनातून विलायती फुलझाडं आणून त्याच वेलाशेजारी लावली होती, हे अख्ख्या अमरावतीला ठाऊक होतं. साहेबांनी चष्मा पुसला, स्वतः वाकून मोजलं, पुन्हा मोजलं. आठच.

चारुशीलाबाईंनी बाग निर्दोष लिहिली.

पार्बताबाई पदर सावरून उठल्या. "तुमचे रॉकेलचे डबे उद्या बंगल्यावर धाडते, सायेब," त्या म्हणाल्या. "रिकामे नाई धाडत. भरले हायेत तसेच धाडते."