मास्तर, थांबवा!

आज गाडीनं एकटीच जाणार म्हणजे जाणार, असं तानुबाईनं लेकाला ठणकावलं. जन्म माणदेशात मेंढरांमागं काढलेली बाई, आल्प्समधल्या त्याच्या घरात किती दिवस कोंडून घेणार?

"बारक्या ठेसनावर बटण दाबलं तरच गाडी थांबती," मल्हार म्हणाला. "तू आपली शेवटालाच उतर."

डब्यात चिडीचूप होतं. एकाएकी उतारावर मेंढरं दिसली नि तानुबाई ताडकन उठली.

"आवं मास्तर, थांबवा!" एसटीत ओरडावं तशी ती ओरडली. पण इथं कंडक्टरच नव्हता. माणसं नुसती बघत राहिली. मग तिनं बटण दाबलं. पुढच्या ठेसनात गाडी थांबली. दाराचंही बटण दाबून ती खाली उतरली नि मागं उताराकडं चालत सुटली.

"पोचलीस का?" मल्हारनं फोनवर विचारलं.

"मदीच उतरले."

"चुकून?"

"चुकून कशाला? ठेव फोन. हितल्या कुत्र्याला मेंढरं वळवाय येत न्हाईत."