भागूची शीव

जयवंतला आंबेगाव तालुक्यात पाऊल टाकायची बंदी होऊन सात महिने झाले होते. गुन्हा काय, तर खाणीच्या सुरुंगांनी वस्तीतल्या घरांच्या भिंती तडकल्या, ते त्यानं लेखी विचारलं. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा वस्तीला घेऊन खाणीच्या फाटकाशी बसला. मग फोनवर धमक्या आल्या आणि पाठोपाठ खाणीच्या मॅनेजरनं फिर्याद ठोकली, की रस्ता अडवला, अंगावर धावून आला. धावतोय कसला डोंबलाचा, गुडघ्यामुळं त्याला बसल्या जागेवरून हात धरून उठवावं लागतं. जामीन मिळाला, पण अटींसकट. पुढचा हुकूम होईपर्यंत तालुक्याबाहेर राहायचं, सभा घ्यायची नाही, मोबाइलवर एक ओळ टाकायची नाही. अट मोडली की जामीन रद्द आणि रवानगी तुरुंगात. तो शेजारच्या जुन्नर तालुक्याच्या हद्दीत बहिणीकडं, रत्नाकडं जाऊन राहिला.

त्याची आई बायडाबाई इकडं गावात एकटीच राहिली. दर गुरुवारी ती डबा घेऊन गावाच्या शिवेपर्यंत, तीच तालुक्याची हद्द, चालत जायची, तिकडून तो यायचा आणि दोघं जांभळाखाली बसायची. पहिल्याच गुरुवारी जयवंत बिचकला होता. 'आंबेगाव तालुका हद्द सुरू' हा बोर्ड तर मागंच राहिला, जांभळाच्या साठ पावलं आधी. बायडाबाईनं त्याला उडवून लावलं. रस्ता रुंद करताना तो बोर्ड उपटला आणि सोयीच्या जागी रोवला, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. खरी शीव जांभळापासून आठ पावलं तिच्या अंगाला होती. बोर्डाचं मला सांगू नको, गुमान जेव, म्हणाली. तो जेवला.

आणि तिथंच घात झाला. कुणीतरी फोटो काढला. फोटोत पुढं बोर्ड ठळक आणि बोर्डाच्या पलीकडं जयवंत भाकरी खातोय. खाणवाल्यांनी लगेच जामीन रद्द करायचा अर्ज टाकला.

बायडाबाई स्वतःलाच बोल लावत बसली. पोरगा स्वतःहून थांबला होता, आईनं त्याला पुढं बोलावून बसवलं. आता तो आत गेला तर तो हिच्या तोंडापायी जाणार. चार दिवस तिला घास गिळवेना. वकीलबाई आरती घरी आली आणि तिनं विचारलं, शीव तिथंच आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? तेव्हा बायडाबाईनं आधी उठून दार लोटून घेतलं.

सांगायचं म्हणजे ते जुनं काढावं लागणार. तिचा सासरा, भागू, गावाचा महार होता. शिवेचं भांडण लागलं की त्याला बोलवायचे. तो पुढं चालायचा, म्हणेल तिथं धोंडा बसायचा, आणि दाखवणाऱ्याला चावडीची पायरी चढायची मुभा नाही. छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं धम्म घेतला आणि असली सगळी कामं टाकली ती टाकलीच. जयवंतला तर त्या गोष्टींचा लई राग. गुलामीची कामं ती, घरात नाव काढायचं नाही, असं त्यानंच बजावलेलं. बायडाबाईनंही वर्षानुवर्षं तोंडाला कुलूप लावलं. पण ती नवी नवरी असताना भागूनं एकदा तिला गवताला जाता जाता सगळी शीव दाखवली होती, ते काही पुसलं गेलं नव्हतं.

आरतीनं कोर्टाकडून सरकारी मोजणी मागून घेतली. मोजणीच्या सकाळी मोजणीवाले साहेब काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन उतरले. खाणीचा मॅनेजर आला, तोंडभर हसत. जयवंत रत्नाबरोबर बोर्डाच्या पार मागं उभा राहिला, उगाच आणखी फोटो नको म्हणून. साहेबांनी यंत्र चालू करायच्या आधीच बायडाबाई जांभळाच्या बुंध्यापासून आठ पावलं चालली आणि मुरमाच्या ढिगाऱ्यावर तिनं काठी टेकली. मॅनेजर खो खो हसला. म्हातारी काठी धरून उभीच राहिली.

साहेब यंत्र घेऊन पुढं सरकले, मागं सरकले, नकाशा बघितला, परत सरकले. थांबले ते तिच्या काठीपासून वीतभर अंतरावर. त्यांनी मुरूम उकरायला लावला. हातभर खाली पहार ठण्ण करून वाजली. माती झाडली तर चुना फासलेला शिवेचा धोंडा.

बायडाबाई तिथंच मुरमात बसली. जीव भांड्यात पडला तिचा. तिकडं रत्ना भावाचा हात धरून रडायला लागली, आणि मॅनेजर फोन कानाला लावून गाडीकडं चालता झाला.

पंचनाम्यात लिहायला साहेबांनी विचारलं, ही जागा कुणी दाखवली म्हणून लिहू? बायडाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"भागू लिवा," ती म्हणाली. "त्येनं जलमभर दावली, पर कागदावर कुनी घातला न्हाई. खाली माझं लिवा, मला सही येती."

साहेबांनी दोन्ही नावं लिहिली.

पंधरा दिवसांनी कोर्टानं खाणवाल्यांचा अर्ज फेटाळला. जयवंत जुन्नरच्या हद्दीतच बसला होता, जामीन कायम. बंदी तेवढी उठली नाही, खटला अजून उभाच आहे. पण गुरुवारी बायडाबाईनं कालवणात तिखट हात सोडून घातलं आणि जयवंतनं नाक पुसत पुसत दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जेवण झाल्यावर तो उघड्या पडलेल्या धोंड्याकडं बघत राहिला. मग त्यानं खिशातून वही काढली.

"आई, हितनं म्होरं शीव कुठं जाती? आजानं तुला सगळी दावली व्हती ना?"

बायडाबाईनं ते बरोबर ऐकलं. ज्याच्या कामाचं नाव घरात काढायचं नव्हतं, त्याला पोरगा आज आपल्या तोंडानं आजा म्हणाला होता. तिनं डबा पिशवीत टाकला, काठी टेकून उठली, मग पोराला हात देऊन उठवलं आणि धोंडा ओलांडून गावाच्या अंगाला उभी राहिली.

"बसून सांगायची गोष्ट न्हाई ती," ती म्हणाली. "तू त्या अंगानं चाल, मी ह्या अंगानं चालते."