मिठागरावरची पेटी

"दक्षता हितं हाय का?" मनुबाईंनी दारातूनच विचारलं. म्हावऱ्याची टोपली अजून डोक्यावरच होती.

"तुमची नात? ती कधीच गेली. दुपारीच." आसावरी म्हणाली.

ठाण्यात खाडीच्या अंगाला, घराच्या पुढच्या खोलीत आसावरी मुलांचं वाचनालय चालवायची. पुस्तकं बहुतेक रद्दीतून आणलेली, सगळी साहसाची नाहीतर रहस्याची. दहा-बारा वर्षांच्या पोरांना दुसरं काही चालतही नाही. पण अशा पुस्तकांची शेवटची पानं सगळ्यात आधी गळतात, कारण उतावळी पोरं आधी तीच उघडतात. म्हणून तिने एक पद्धत पाडली होती. पुस्तक परत आणायचं, दारातल्या स्टुलावर बसायचं आणि शेवट आसावरीमावशीच्या तोंडून ऐकायचा.

मावशी तो बेलाशक मनाने रचायची. तिचे चोर कधी माजिवड्याच्या पुलाखाली सापडायचे, कधी खडवलीच्या नदीकाठी. ओळखीचं नाव आलं की पोरांचे डोळे हे एवढे व्हायचे, आणि मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आज दक्षताच्या पुस्तकातली दागिन्यांची पेटी तिने मिठागरावरच्या पडक्या खोलीत लपवली होती. सोसायट्यांमधल्या पोरांना मिठागर म्हणजे परदेशच. दक्षता मात्र कोळ्यांची पोर. तिला ती खोली ठाऊक होती आणि तिवरांच्या झाडीतली वाटही. हे आसावरीच्या डोक्यात आत्ता शिरत होतं.

गप्प बसावं, असं तिला क्षणभर वाटलं. त्या क्षणाची तिला नंतर फार लाज वाटली.

"मनुबाई, मीच सांगितलं तिला. मिठागरावरच्या खोलीत पेटी आहे म्हणून. गोष्टीत."

मनुबाईंनी टोपली खाली ठेवली. "भरती लागलीय," त्या एवढंच म्हणाल्या आणि पळत सुटल्या. आसावरी त्यांच्या मागे धावली.

मनुबाईंच्या मुलाने, कान्हाने होडी लोटली. दोघी काठावर उभ्या राहिल्या. तिवरांचे बुंधे बघता बघता पाण्याखाली गेले. शेवट रचायची सवय झालेलं आसावरीचं डोकं थांबेना. एकामागून एक शेवट सुचत होते, आणि एकही तोंडातून काढण्यासारखा नव्हता.

"पोरीला पवता येतं," मनुबाई म्हणाल्या. "पन चिखलात नाय पवता येत, बाय."

ऊन उतरल्यावर होडी दिसली. कान्हाच्या पुढ्यात दक्षता बसली होती, कंबरेपर्यंत चिखलाने माखलेली. मनुबाईंनी तिला आधी एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरलं. आसावरीला रडू आवरेना.

"मावशी, सगळी खोली शोधली मी," दक्षता म्हणाली. "पेटी नव्हती."

"नव्हतीच गं. मी बनवलेलं ते."

"मग खरा एंड काय आहे?"

"मला नाही माहीत."

"आणि बाकीच्या पुस्तकांचा?"

"त्यांचाही नाही."

दक्षताने इतका वेळ घट्ट मिटलेली मूठ उघडली. आत गंजलेली कडी होती, पेटीचीच समजून मावशीला दाखवायला आणलेली. ती तिने चिखलात टाकली आणि आजीचा हात धरून घरी निघाली.

दोघी दिसेनाशा झाल्यावर आसावरीने वाकून ती कडी उचलली आणि ओढणीने पुसली.