छावणीच्या फाटकावरची हजेरी

माहिकान तुरबत शहरात बेपत्ता माणसांसाठी चाललेल्या धरणे आंदोलनात बोलली आणि त्याच आठवड्यात लष्कराच्या छावणीतून एक जवान आमच्या वस्तीत आला. तिच्या दारात उभं राहून त्याने फर्मावलं, "उद्यापासून म्हाताऱ्याने रोज छावणीत हजेरी लावायची. सकाळी यायचं, सोडू तेव्हा जायचं."

म्हातारा म्हणजे शेहमुराद, माहिकानचा बाप आणि माझा शेजारी; आम्ही त्याला मानाने वाजा म्हणतो. त्याच्या मुलाला, नोदानला, दीड वर्षापूर्वी उचलून नेलं होतं. पहाटे गाड्या आल्या, तोंडं बांधलेली माणसं घरात शिरली आणि झोपलेल्या पोराला बाजेवरून ओढत घेऊन गेली. शेहमुरादने त्याचा सदरा घट्ट धरून ठेवला होता. सदरा फाटला. ठाण्यात विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे नाही. छावणीत विचारलं तर म्हणाले, या नावाचा माणूसच आम्हाला माहीत नाही. माहिकान आमच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. ती काही गप्प बसली नाही. जिथे लोक जमतील तिथे भावाचा फोटो घेऊन उभी राहायची.

ते दिवस खजुराच्या हंगामाचे. घोस पिकून लोंबत होते आणि ते उतरवायला झाडावर चढणारा शेहमुराद छावणीत मातीवर बसला होता. त्याला कोणी काही विचारत नसे. फाटकाच्या आत, उन्हात, नुसतं बसवून ठेवायचे. पाणी मागितलं तर पहारेकऱ्याच्या मर्जीवर.

संध्याकाळी तो परतला की मी सुलेमानी चहाची किटली घेऊन जायची.

"काय वाजा, काय म्हणते छावणी?"

"सरकारी नोकरी लागली गोहर, या वयात! काम काही नाही, बसून राहायचं. पगाराचं तेवढं विचारायचं राहिलंय."

हसायचा, पण ओठ फुटून रक्त आलेलं असायचं. माहिकान खाली मान घालून त्याचे पाय चेपत बसायची.

एके दिवशी मात्र तो हसला नाही. छावणीच्या साहेबाने त्याला बोलावून सांगितलं होतं, मुलीने मोबाइलसमोर एवढंच म्हणायचं की माझा भाऊ स्वतःच्या मर्जीने डोंगरात बंडखोरांकडे पळून गेला, त्याला कोणी नेलं नाही. की हजेरी बंद.

माहिकानने बापाचे पाय चेपणं थांबवलं. मग म्हणाली, "बोलते मी, अब्बा. एक वाक्य तर आहे. लोकांना खरं काय ते ठाऊकच आहे."

शेहमुरादने चहाची वाटी खाली आपटली. "लोकांना ठाऊक आहे, पण उद्या ते त्याला मारून डोंगरात टाकतील आणि तुझंच वाक्य जगाला ऐकवतील. म्हणतील, बघा, बहिणीनेच सांगितलं होतं. मी त्याला धरून ठेवलं होतं, माहिकान. या हातांनी. तो पळून गेला म्हणालीस तर या घरात पाणी पिऊ नकोस."

"आणि तुम्ही उन्हात मेलात तर?"

"तर तेही बोल. मोठ्याने बोल."

दोन-तीन दिवसांनी तो खरंच कोसळला. त्यांनी त्याला उचलून फाटकाबाहेर बाभळीखाली टाकलं. आमच्यातला कोणी पुरुष आणायला गेला असता तर त्यालाही आत ठेवून घेतलं असतं, म्हणून मी आणि माहिकान गाढव घेऊन गेलो. घरी आणलं तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. ओल्या चादरीत गुंडाळून ठेवलं, थेंब थेंब पाणी पाजलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

सकाळी जवान पुन्हा दारात. "म्हातारा का नाही आला?"

"त्यांच्या जागी मी येते," माहिकान म्हणाली.

ते ऐकून मी माझ्या अंगणातूनच ओरडले, "एकटी कुठे निघालीस? पोर एकटी छावणीत जाते होय? थांब, मी येते."

मी डोक्यावर चादर घेतली. माझी सून निघाली. पलीकडची नाझल निघाली, तिचा नवरा नोदानच्याही आधीपासून बेपत्ता आहे. मग बायका एकमेकींना हाका मारत निघाल्या. कडेवर तान्ही पोरं, हातात किटल्या. मी म्हटलं, रिकाम्या हाताने कशाला बसायचं? आदल्या दिवशी बायकांनी काठीने पाडलेला शेहमुरादचा खजूर टोपल्यांत भरला आणि गाढवावर लादला.

फाटकासमोर चटया पसरल्या आणि आम्ही खजूर निवडायला बसलो. पहारेकरी पोरगेला होता, गांगरून गेला.

"इथे काय करताय? उठा!"

"हजेरी लावायला आलोय, बेटा," मी म्हटलं. "साहेबाला सांग, आज हजेरी जोरात आहे."

साहेब बाहेर आला. "तुम्हाला कोणी बोलावलं?"

माहिकान उभी राहिली. "माझ्या अब्बांना का बोलावत होतात?"

"कारण तू जास्त बोलतेस."

"आम्ही पण बोलतो!" नाझल मागून ओरडली. "आमचीही लावा हजेरी!"

बायका हसल्या. त्या हसण्याने तो चिडला. खिशातून मोबाइल काढून आमचे चेहरे टिपू लागला. चेहरे पकडले की आम्ही घाबरू, असं त्याला वाटलं असावं. माहिकानने चेहऱ्यावरची चादर मागे केली आणि सरळ त्या मोबाइलसमोर गेली.

"मी माहिकान. माझा भाऊ नोदान याला तुमच्या माणसांनी घरातून नेलं. माझ्या बापाने त्याला धरून ठेवलं होतं. तो जिवंत असेल तर कोर्टात उभा करा. मारला असेल तर देह द्या."

तिच्यामागे नाझल आली, तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. मग आणखी एकीने तिच्या भावाचं. साहेबाने मोबाइल खाली केला.

"वर धरा ना साहेब," मी म्हटलं. "माझ्या पुतण्याचं नाव राहिलंय, त्यालाही नेलंय."

तेव्हा जवान धावून आले. हवेत गोळ्या झाडल्या, टोपल्या लाथाडल्या. बंदुकीचा दस्ता माझ्या खांद्यावर बसला. आम्ही पोरांना मध्ये घेतलं आणि त्यांच्याभोवती हातात हात गुंतवून खाली बसलो. उठलो नाही. गोळ्यांचा आवाज खालच्या गावांपर्यंत गेला होता. दुपारपर्यंत तिथल्या बायका ट्रॅक्टरमधून आल्या आणि छावणीकडे जाणारा रस्ता भरून गेला. रसद घेऊन आलेले ट्रक तिथेच अडकून पडले.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचा अधिकारी गाडी घेऊन धावत आला. शेहमुरादची हजेरी बंद झाल्याचं त्याला सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगावं लागलं. नोदानचं विचारलं, तेव्हा म्हणाला, "चौकशी करतो." माहिकान त्याला म्हणाली, "करा. आम्ही विचारायला येत राहू."

या सगळ्याची किंमत त्यांनी वसूल केलीच. माहिकानची नोकरी गेली. आमच्या वस्तीतलं मोबाइलचं नेटवर्क बंद झालं ते अजून बंदच आहे. माझा खांदा धड भरून आला नाही, चूल फुंकताना ठणकतो. नोदान आलेला नाही.

पण शेहमुराद पुन्हा झाडावर चढायला लागलाय. शाळेतून काढलं म्हणून माहिकान आता माझ्या अंगणात मुलींना शिकवते. मागच्या आठवड्यात आम्ही तुरबतला निघालो, तर नाक्यावर बस थांबवून जवानाने तिला खाली उतरायला सांगितलं. ती उतरली. तिच्यामागे मी उतरले, नाझल उतरली आणि मग अख्खी बस उतरली. ड्रायव्हरसुद्धा.