लाल पिशवी, निळी पिशवी

आमचे हे न्हावी. हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. पण ह्यांना एचआयव्ही आहे हे बाहेर फुटलं आणि दुकानात चिटपाखरू फिरकेना. दुकान मोडलं. खुर्ची तेवढी घरी आणली, पुढच्या खोलीत. तिच्यात हे स्वतःच बसून राहायचे, ते मला बघवायचं नाही.

औषधांच्या रांगेत ह्यांना एक शिंपी भेटला. त्यालाही तोच आजार. रविवारी पठ्ठ्या सरळ घरी आला आणि खुर्चीत ऐसपैस बसला. "कर दाढी."

"भीती नाही वाटत?" ह्यांनी विचारलं.

"जे तुझ्यात तेच माझ्यात. आता आणखी काय लागणार आहे, डोंबल?"

काय रविवार होते ते! सासऱ्यांचा जुना वस्तरा निघायचा. शिंप्याची दाढी झाली, की त्याच वस्तऱ्याने हे स्वतःची करायचे. "वहिनी, ह्याने माझा गाल कापला तर मी ह्याची विजार उसवीन," शिंपी म्हणायचा. घरात हसू परत आलं होतं, आणि त्यासाठी मी आठवडाभर रविवारची वाट बघायची.

मग शिंप्याचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरबाईंनी दोघांचं रक्त तपासलं. दोघांनाही हेपटायटिस सी, म्हणजे यकृताचा आजार. कोणाचा कोणाला लागला, ते सांगता येईना. रक्तातून पसरतो, वस्तऱ्यावरचं न दिसणारं रक्तही पुरतं, बाई म्हणाल्या. शिवाय एचआयव्ही असला की यकृत लवकर खराब होतं. "गोळ्यांनी बरा होईल. पण पुन्हाही होऊ शकतो. वस्तरे वेगळे ठेवा."

ह्यांनी फार मनाला लावून घेतलं. "मला माणसात धरणारा एकच होता, त्यालाच मी आजार दिला." वस्तरा फेकून दिला. रविवारी शिंप्याने कडी वाजवली, तर मला दार उघडू देईनात. असा संताप आला मला! भांडले, अबोला धरला. हे ढिम्म. शिंपी मात्र दर रविवारी यायचा आणि बाहेरूनच ओरडायचा, "मी दुसऱ्या न्हाव्याकडे जाणार नाही हं!"

गोळ्या संपल्या, दोघं बरे झाले. त्या रविवारी ह्यांना न विचारता मीच कडी काढली. दारात शिंपी, दाढीचं जंगल वाढवून. हातात दोन नवे वस्तरे, त्यांना स्वतः शिवलेल्या दोन पिशव्या.

"लाल माझी, निळी तुझी. अदलाबदल केलीस तर याद राख."

ह्यांचे डोळे भरून आले होते, तरी त्याला खुर्चीत बसवून त्यांनी लाल पिशवीतला वस्तरा काढला.

त्यानंतर खूप रविवार मिळाले आम्हाला. गेल्या हिवाळ्यात हे म्हातारपणाने गेले. शिंपी अजून येतो, त्याच खुर्चीत बसतो, चहा घेतो. दोन्ही पिशव्या खिळ्याला आहेत.

काल मी म्हटलं, "भावजी, केवढी वाढलीय दाढी! करून या की कुठूनतरी."

त्याने खिळ्याकडे बघितलं. "वहिनी, मी तेव्हाच सांगितलं होतं ना," तो म्हणाला, "मी दुसऱ्या न्हाव्याकडे जाणार नाही."